लेकीला तिकीट काढू द्या

ताई,

माझं वय 56. अकरावीत असताना दादाने एक कॅसेट हातात ठेवली. एका बाजूला 'मूव्हिंग पिक्चर्स', दुसऱ्या बाजूला '2112'. तेव्हापासून कॅनडाचा 'रश' हा बँड माझ्या सोबत आहे. घरात मात्र मी एकटा. गायक गेडी लीचा आवाज सुरू झाला की बायको आतल्या खोलीत जाऊन दार लावते. त्यांचा 'व्हेपर ट्रेल्स' हा अल्बम आला त्याच वर्षी जन्मलेली माझी लेक लहानपणी कानात बोटं घालायची. कॉलेजात गेल्यावर 'हे तर आयन रँडचे भक्त' म्हणून वाद घालायला लागली (रँड म्हणजे व्यक्तिवादाची कट्टर पुरस्कर्ती अमेरिकी लेखिका). दादासुद्धा 1982 मध्येच थांबला. सिंथेसायझर आले आणि बँड संपला, असं तो म्हणतो. त्यावरून आमची कडाक्याची भांडणं झाली आहेत.

जानेवारी 2020 मध्ये बँडचा ड्रमर आणि गीतकार नील पिअर्ट गेल्याची बातमी वाचली आणि मी हमसून हमसून रडलो. त्या रात्री दादाचाही फोन आला होता, पण दोघांनाही बोलता येईना. बायको हे सगळं बघत होती. नंतर म्हणाली, "नाना गेले तेव्हा तुमच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं." नाना म्हणजे माझे वडील. ते वाक्य अजून रुतून बसलं आहे.

आता उरलेले दोघे नव्या ड्रमरला घेऊन दौऱ्यावर निघताहेत. लेक टोरांटोला शिकते. तिचा फोन आला, "बाबा, या इकडे. तिकीट मी काढते, दोघं जाऊ." दादा म्हणतो, पिअर्टच्या जागी दुसरं कुणी बसलेलं बघायला जाणं ही गद्दारी आहे. बायको म्हणते, जा की, तुमचीच माणसं ती. मी काय करू? आणि खरं सांगा, एका बँडपायी मी घरच्यांपासून लांब गेलो आहे का?

— एक रशवेडा


नमस्कार,

टोरांटोला जा. लेकीला आजच 'काढ तिकीट' म्हणून सांगा, कारण तुमचा निर्णय होईपर्यंत तिकिटं थांबणार नाहीत. बाकीचं सावकाश बोलू, पण तुमच्या पत्राच्या क्रमाने नको. तुम्ही लिहिलंत बँडबद्दल, मला मात्र वाचताना सारखे नाना दिसत राहिले. म्हणून आधी तुमच्या पत्नीच्या वाक्याकडे येते.

वडील जातात तेव्हा मुलाच्या मागे कामं लागतात. नातेवाइकांना कळवायचं, आईजवळ बसायचं, दाखले, बँक, कागदपत्रं. घरातले सगळे तुमच्या तोंडाकडे बघत असतात, आणि त्या गडबडीत रडायचं राहून जातं. पुढे ते मागाहून कधी येईल याचा काही नेम नसतो. पिअर्ट गेला तेव्हा तुमच्यावर कसलीच जबाबदारी नव्हती. कुणाला धीर द्यायचा नव्हता, कुठे सही करायची नव्हती. शिवाय ती बातमी कुणालाच तयारीला वेळ देऊन आली नव्हती. तो 7 जानेवारीला गेला आणि जगाला कळलं 10 तारखेला. मेंदूच्या कर्करोगाशी तो साडेतीन वर्षं झगडत होता आणि जवळची मोजकी माणसं सोडली तर कुणालाही पत्ता नव्हता; त्या माणसांनी शेवटपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. तुम्ही फोन उघडलात आणि धडकलात. त्या रडण्यात नानाही होते असं मला फार वाटतं.

तुम्ही रडलात याचं पत्नीला वाईट वाटलेलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तिला पहिल्यांदा दिसलं की या माणसाला असंही रडता येतं, आणि तेही तिच्यासमोर पण तिच्याशिवाय. तिच्या वाक्यातला काटा तो आहे. तुम्ही त्यावर काय उत्तर दिलंत हे लिहिलेलं नाही. पिअर्ट किती मोठा होता, त्याने ड्रमवादन कसं बदललं, असलं काही सांगायला गेला असाल तर ते तिच्यापर्यंत पोहोचणं शक्यच नव्हतं. आता बोलाल तेव्हा बँडचं नाव काढू नका. नानांबद्दल बोला. ते गेले त्या आठवड्यात तुम्ही काय काय केलंत, काय मनात आलं आणि कुणाशी बोलला नाहीत, ते सांगा. उशीर झालाय हे खरं, पण तिने ते वाक्य उच्चारलं म्हणजे ती अजून वाट बघते आहे.

पिअर्ट तुमचा कोण होता, हा प्रश्न मात्र नीट बघायला हवा, कारण त्याने स्वतः तो फार गांभीर्याने घेतला होता. चाहत्यांशी सलगी त्याला कधी जमली नाही. 1981 च्या 'मूव्हिंग पिक्चर्स'मध्ये त्याने एका गाण्यात लिहूनच टाकलं की अनोळखी माणूस जणू कधीपासून वाट बघत असलेला मित्र आहे असं सोंग आपल्याला येत नाही. नंतरच्या दौऱ्यांत तर तो एका गावाहून पुढच्या गावाला मोटरसायकलवरून जायचा. चाहत्यांना भेटायचं काम बाकीचे दोघे करायचे. तरी लोकांनी त्याच्यावर जीव लावला, आणि मला वाटतं त्या अंतरामुळेच लावला. त्याने खोटं हसून दाखवलं नाही. जे द्यायचं ते शब्दांत आणि ड्रमवर दिलं.

ऑगस्ट 1997 मध्ये त्याची 19 वर्षांची मुलगी सेलेना मोटार अपघातात गेली. पुढच्या जूनमध्ये पत्नी जॅकलिन कर्करोगाने गेली. मुलीच्या अंत्यविधीतच त्याने गेडी ली आणि गिटारवादक ॲलेक्स लाइफसनला सांगितलं होतं, मी निवृत्त झालो असं समजा. त्या दोघांनी त्याला गळ घातली नाही, दुसरा ड्रमरही शोधला नाही. हा माणूस एकटा मोटरसायकलवर सुमारे 88,000 किलोमीटर फिरला, आणि 2002 मध्ये बँड परत आला तो 'व्हेपर ट्रेल्स' घेऊन. तो अल्बम सुरू होतो तो नुसत्या ड्रमने. बाकीचे दोघे मागून येतात. त्या पहिल्या काही सेकंदांत कधीकाळी सगळं सोडून गेलेला माणूस दोन्ही पायांनी बास ड्रम बडवत परत आलेला ऐकू येतो. त्याचं मिक्सिंग इतकं कर्कश झालं होतं की 2013 मध्ये सगळा अल्बम नव्याने मिक्स करावा लागला, पण त्या सुरुवातीचं मोल त्याने कमी होत नाही.

त्याच वर्षी तुम्हाला मुलगी झाली. हे तिला कधी सांगितलंय का? बँड किती थोर आहे हे तिने हजारदा ऐकलं असणार. मुलगी गमावलेल्या एका बापाचं वादन तुम्ही तान्ही लेक मांडीवर घेऊन ऐकत होता, हे तिने ऐकलेलं नसावं.

आता आवाजाचं. पत्नीला गेडी लीचा आवाज सहन होत नाही, तर नाही होत. सत्तरच्या दशकातला तो पट्टीच्या वर चढलेला, किंचाळीला टेकलेला सूर जगातल्या अर्ध्या लोकांना सोसत नाही, आणि ते सगळे अडाणी नाहीत. मला स्वतःला '2112'ची वीस मिनिटांची बाजू जितकी प्रिय आहे तितकाच तिच्या आधीचा 1975 चा 'करेस ऑफ स्टील' कंटाळवाणा वाटतो, आणि तसं म्हटल्याने माझं प्रेम कमी झालेलं नाही. समीक्षकांनी या बँडला वर्षानुवर्षं झोडपलं. 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने 2013 पर्यंत दारात उभं ठेवलं. म्हणून रशच्या चाहत्याच्या अंगात एक वकील शिरून बसतो. कुणी नापसंतीचा चकार शब्द काढला की तो उभा राहतो आणि पुरावे मांडायला लागतो. हॉल ऑफ फेमच्या त्या समारंभात लाइफसनने काय केलं तुम्हाला ठाऊकच आहे. दोन मिनिटांहून जास्त वेळ तो नुसतं 'ब्ला ब्ला ब्ला' म्हणत राहिला आणि हातवाऱ्यांनी बँडची सगळी कहाणी सांगून गेला. इतक्या वर्षांच्या टीकेला उत्तर द्यायची संधी समोर होती, मायक्रोफोन हातात होता, आणि त्याने एकही मुद्दा मांडला नाही. घरातली वकिली तुम्हीही आता थांबवा. पत्नीने दार लावलं तर ते दार गाण्यावर लागलंय, तुमच्यावर नाही. तुम्ही मात्र प्रत्येक वेळी ते स्वतःवर लागलंय असं धरून बसलात. घरच्यांपासून लांब गेलो का, असं विचारता ना? बँडपायी नाही गेलात. माणूस बँड ऐकून काय म्हणतो त्यावरून त्याला पास-नापास करत राहिलात, त्याने गेलात.

आयन रँडच्या बाबतीत लेकीला सरळ सांगा की तिचं निम्मं बरोबर आहे. '2112'च्या कव्हरवर रँडचे आभार आहेत, ते पिअर्टनेच लिहिले आणि तेव्हा तो चोवीस वर्षांचाही नव्हता. 1978 मध्ये ब्रिटनमधल्या एका संगीत साप्ताहिकाने त्यावरून या तिघांना फॅसिस्ट ठरवलं. गेडी लीचे आईवडील ऑशविट्झच्या छळछावणीतून वाचलेले ज्यू. त्यांच्या मुलाला हा शब्द ऐकावा लागला, ही गोष्ट मला आजही टोचते. पण त्या रागात पिअर्टचं ते वेड नव्हतंच असं म्हणू नका. होतं, आणि पुढे त्याने ते स्वतःच मागे टाकलं, उघडपणे तसं बोलला. तेविसाव्या वर्षीची मतं जन्मभर बदलली नाहीत असा माणूस तुमच्या लेकीला तरी कुठे आवडेल? हे तिला वाद जिंकायला म्हणून नका सांगू. तिने प्रश्न नीट विचारला होता, त्याचं नीट उत्तर द्यायचं राहिलं होतं.

आणि आता कार्यक्रम. तुमच्याकडून मला एकच वचन हवं आहे: तिला आधी अभ्यास देऊ नका. चाळीस गाण्यांची यादी नको, 'हे ऐकून ये' नको. तिने मनाने बोलावलंय. रश आवडायला लागलंय म्हणून तिने बोलावलेलं नाही. तुम्ही आनंदात कसे दिसता ते तिला बघायचं असेल, आणि एवढं कारण पुरेसं आहे.

फार तर एक गोष्ट करा. विमानतळावर ती घ्यायला येईल तेव्हा बॅगेला लावलेला टॅग तिला दाखवा. टोरांटोच्या पिअर्सन विमानतळाची खूण 'वाय वाय झेड', इंग्रजीतली तीन अक्षरं. ही अक्षरं मोर्स कोडमध्ये वाजवा: लांब-छोटा-लांब-लांब, पुन्हा तेच, मग लांब-लांब-छोटा-छोटा. लांब ठोका दोन मात्रांचा आणि छोटा एका मात्रेचा धरा. सात, सात आणि सहा, मिळून वीस मात्रा. बोटांनी गाडीच्या डॅशबोर्डवर एकदा वाजवून दाखवा, बस्स. 'मूव्हिंग पिक्चर्स'मधल्या त्याच नावाच्या वाद्यरचनेची सुरुवात तीच आहे. आधी नुसत्या किणकिणत्या धातूवर, मग गिटार आणि बास त्याच ठोक्यांवर तुटून पडतात. दौऱ्यांवरून परतताना या तिघांना ती अक्षरं म्हणजे घर जवळ आल्याची खूण वाटायची. तुमची लेक आज त्याच विमानतळावरून ये-जा करते. आणि त्या रचनेत गेडी ली गातच नाही, तेव्हा कानात बोटं घालायचंही कारण नाही. ते त्या रात्री वाजवतील की नाही हे मी सांगू शकत नाही. नाही वाजवलं तरी तिला ठोके माहीत झालेले असतील.

कार्यक्रम चालू असताना तिच्या चेहऱ्याकडे बघू नका. हे फार कठीण जाईल. आवडती जागा जवळ आली की चाहत्याची मान आपोआप शेजाऱ्याकडे वळते: आता बघ हं, आलं, कळलं का? त्या एका नजरेने शेजारच्या माणसाचा जीव कोंडतो, कारण आता त्याला चेहऱ्यावर काहीतरी आणावं लागतं. तुम्ही स्टेजकडे बघा. तिला आपणहून काही दिसू द्या. गेडी ली गाता गाता बास वाजवतो, मध्येच कीबोर्डवर हात टाकतो आणि पायाने पेडल दाबून खालचे सूर धरतो, हे कुणालाही दिसतं, त्यासाठी चाहता असावं लागत नाही. ती कंटाळली तर कंटाळू दे. मध्ये बाहेर जाऊन पाणी पिऊन आली तरी चालेल. आणि तुमच्या डोळ्यांत पाणी आलं तर लपवू नका. कशाने आलं असं तिने विचारलं तर तेवढं सांगा.

दादांकडे सगळ्यात शेवटी वळते, कारण त्यांचं दुखणं मला सगळ्यात कळतं. 1982 मध्ये त्यांनी थांबायचं ठरवलं त्यात तथ्य होतं. त्या वर्षीच्या 'सिग्नल्स' अल्बमनंतर टेरी ब्राउन हा बँडचा जुना निर्माता बाजूला झाला, कीबोर्ड पुढे आले आणि गिटारला जागा उरेना. लाइफसनने स्वतः त्याबद्दलची नाराजी नंतर बोलून दाखवली आहे. मला 1984 चा 'ग्रेस अंडर प्रेशर' फार आवडतो, तुम्हालाही आवडत असेल, पण दादा बहिरे नाहीत.

गद्दारीचं मात्र मी मान्य करणार नाही. पिअर्ट स्वतः दुसऱ्याच्या जागी आलेला होता. पहिला अल्बम जॉन रट्सीने वाजवलेला आहे. जुलै 1974 च्या अखेरीस पिअर्ट बँडमध्ये आला आणि जेमतेम दोन आठवड्यांत पिट्सबर्गला हजारो लोकांपुढे बसला. तोवर तो वडिलांच्या शेती-अवजारांच्या दुकानात सुटे भाग विकत होता. त्या संध्याकाळी 'हा कोण नवा' असं म्हणणारे लोक असतीलच. आता त्या जागी जर्मनीची आनिका निलेस बसणार आहे. जेफ बेकसारख्या गिटारवादकाने 2022 च्या दौऱ्यात तिला सोबत घेतलं होतं, म्हणजे कुणीतरी उचलून आणलेली ती नाही. आणि पिअर्टची दुसरी पत्नी कॅरी आणि मुलगी ऑलिव्हिया यांनी या दौऱ्याला जाहीर पाठिंबा दिला आहे. ज्यांचा माणूस गेला त्यांची हरकत नसेल तर आपण कुणाच्या वतीने हरकत घ्यायची?

पण हे सगळं दादांना ऐकवू नका. तुम्ही मुद्दे मांडाल, ते मुद्दे मांडतील, आणि भांडण पुन्हा सिंथेसायझरपर्यंत जाईल. दादा 1982 मध्ये उठून गेले म्हणता, मग 2020 च्या त्या रात्री फोन त्यांनी कशाला केला? अडतीस वर्षांपूर्वी सोडलेल्या बँडच्या ड्रमरसाठी माणूस रात्री धाकट्या भावाला फोन करून गप्प बसून राहत नाही. त्यांना रिकामी जागा रिकामीच राहायला हवी आहे. 1 ऑगस्ट 2015 ला लॉस एंजेलिसच्या शेवटच्या कार्यक्रमात पिअर्ट आयुष्यात पहिल्यांदा ड्रममागून उठून स्टेजच्या पुढच्या कडेपर्यंत आला आणि दोघांच्या गळ्यात हात टाकून उभा राहिला. दादांच्या लेखी गोष्ट तिथे पूर्ण झाली आहे. तसं वाटण्याचा त्यांना हक्क आहे, आणि जायचा तुम्हाला.

तेव्हा त्यांना फोन करा आणि परवानगी मागू नका. 'मी जातोय, तू येतोस का' एवढंच विचारा. नाही म्हणाले तर कार्यक्रमाआधीच्या एखाद्या रविवारी त्यांच्याकडे जाऊन तीच कॅसेट, किंवा ती आता वाजत नसेल तर तेच दोन अल्बम, एकत्र बसून ऐका. दोन्ही 1982 च्या आधीचे आहेत, दादांची काही तक्रार राहणार नाही. त्यांनी ती कॅसेट तुम्हाला का दिली होती हेही विचारा. नाना तेव्हा काय म्हणायचे, दोघा पोरांचा तो गोंगाट त्यांनी कसा सोसला, हे दादांना तुमच्यापेक्षा जास्त आठवत असेल, आणि पत्नीशी नानांबद्दल बोलायला बसाल तेव्हा त्याचा उपयोग होईल.

कॅनडाच्या व्हिसाला वेळ लागतो, म्हणून अर्ज लगेच करा. आधी पासपोर्टची मुदत बघून घ्या, आणि दादांनी पहिल्या फोनवर नाही म्हटलं तरी त्यांचा पासपोर्ट चालू आहे का तेवढं विचारून ठेवा.